केदारताल ट्रेक : निघण्यापूर्वी हे वाचून घ्या

केदारतालसाठी ज्यांनी नाव नोंदवलं आहे आणि जे अजून विचार करत आहेत, अशा सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. घरच्यांनाही वाचायला द्या. "एवढे दिवस कशाला लागतात?" हा प्रश्न बहुतेक वेळा घरातूनच येतो आणि त्याचं उत्तर पुढे सविस्तर दिलं आहे.

ताल आणि वाट

केदारताल उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. उंची सुमारे ४,७५० मीटर. तळ्याच्या डोक्यावर थलय सागर (६,९०४ मीटर) आणि भृगुपंथ (६,७७२ मीटर) ही शिखरं उभी आहेत. तळ्यातून निघणारी केदारगंगा खाली गंगोत्रीत भागीरथीला मिळते. आपली वाट याच केदारगंगेच्या खोऱ्यातून वर जाते.

गंगोत्रीहून ताल एका बाजूने साधारण १७-१८ किलोमीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे एवढ्या अंतरात जवळपास १,६५० मीटर उंची गाठायची आहे. कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. गंगोत्रीहून निघून तळ्याशी पोचेपर्यंत आपण अख्खी कळसूबाई चढलेले असतो, आणि तीही जिथे हवा आधीच विरळ आहे तिथून पुढे.

पहिला टप्पा भोजखरक, सुमारे ३,८०० मीटर. गंगोत्रीहून निघाल्या निघाल्या खडी चढण लागते, पुढे भूर्जाचं जंगल. मध्ये एका ठिकाणी कातळाच्या अंगाने अरुंद वाट आहे, तिला सगळे 'स्पायडर वॉल' म्हणतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्यांना ती अवघड जाणार नाही, पण खाली दरी आहे आणि पाठीवर सॅक आहे हे विसरायचं नाही. तिथे फोटोसाठी थांबू देत नाही.

दुसरा टप्पा केदारखरक, सुमारे ४,२५० मीटर. अंतर थोडं, पण मध्ये दगड कोसळणारा पट्टा आहे. ऊन चढलं की वरचा गोठलेला मुरूम सैल होतो आणि धोंडे सुटतात. म्हणून हा पट्टा आपण सकाळी लवकर, एकेकाने, न बोलता, न थांबता पार करतो. केदारखरकला कुरणावर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचे कळप बऱ्याचदा दिसतात. तिथून तळ्यापर्यंत मोठमोठ्या धोंड्यांच्या ढिगांवरून जायचं. हिमनदीने आणून टाकलेले हे दगड पायाखाली हलतात, तेव्हा घाई नको.

आमचे दिवस जास्त का

गंगोत्री ते गंगोत्री हा ट्रेक चार दिवसांत उरकता येतो. आम्ही सहा दिवस लावतो, आणि त्याआधी एक रात्र गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या हर्सिल गावी आणि दोन रात्री गंगोत्रीत काढतो. पैसेही त्यामुळे जास्त पडतात. तरीही हा कार्यक्रम आम्ही कमी करणार नाही.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे साधारण २१ टक्केच असतं. उंचीवर हवेचा दाब घटतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. कळसूबाईवर तो समुद्रसपाटीच्या ८२ टक्के असतो, गंगोत्रीत ६८ च्या आसपास आणि केदारतालला जेमतेम ५५. शरीर याच्याशी जुळवून घेतं : श्वास वाढतो, रक्तात बदल होतात. पण त्याला रात्री लागतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं पर्वतीय वैद्यकाचे जाणकार सांगतात. गंगोत्री ते भोजखरक हीच उडी सातशे मीटरची आहे आणि मध्ये मुक्कामाला धड जागा नाही. ती उडी टाळता येत नाही, म्हणून तिच्या आधी आणि नंतर आपण थांबतो. गंगोत्रीत दोन रात्री, भोजखरकला दोन रात्री. थांब्याच्या दिवशी तंबूत लोळायचं नाही. दोन-तीनशे मीटर वर चढून जायचं, तासभर बसायचं आणि खाली येऊन जेवायचं.

तळ्याकाठी आम्ही मुक्काम करत नाही. याबद्दल विचारणा सतत होते, कारण तळ्याकाठच्या तंबूंचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. केदारखरकहून पहाटे अंधारात निघायचं, सकाळच्या उन्हात तळ्याशी पोचायचं, दीड-दोन तास मनसोक्त बसायचं आणि झोपायला पुन्हा केदारखरकला यायचं. उंच जाऊन खाली झोपणं शरीराला सोसतं. त्याच दिवशी ४,७५० मीटरवर पाठ टेकली, तर आजारपण रात्री सुरू होतं आणि अंधारात त्या धोंड्यांवरून माणसाला उतरवणं फार कठीण जातं.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. दणकट असणं हा उंचीच्या आजारावरचा उतारा नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही तो होतो आणि पन्नाशीच्या काकूंना होत नाही, असं घडतं. उलट तब्येतीने मजबूत माणूस भराभर चढतो आणि तिथेच फसतो. आमचा वाटाड्या मुद्दाम हळू चालतो, त्याच्या पुढे जायचं नाही.

लक्षणं लपवू नका

रोज सकाळी चहाबरोबर वाटाड्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारतो : डोकं दुखतंय का, मळमळतंय का किंवा जेवण नको वाटतंय का, अंग गळून गेलंय का, चक्कर येतेय का. मग तंबूसमोरच्या सपाट जागेवर एका रेषेत, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत दहा-बारा पावलं चालायला लावतो. बूट घालून, थंडीत, झोपेतून उठल्यावर हे करायचा कंटाळा येतो. तरी करायचंच. मेंदूला सूज येऊ लागली की सगळ्यात आधी तोल जातो, आणि तो या चालण्यात कळतो.

नुसती डोकेदुखी असेल आणि बाकी ठीक असेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढे. लक्षणं वाढली तर खाली. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागणं, खोकला न थांबणं, छातीत घरघर, बोलण्यात गोंधळ, चालताना झोकांड्या, यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी, रात्र असली तरी, उतरायला सुरुवात होते. आमच्याबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि औषधं असतात, पण ती उतरायला बळ देण्यासाठी. खरा इलाज खाली जाणं हाच.

आठ जणांमागे आम्ही दोन वाटाडे ठेवतो, ते याचसाठी. एकाला खाली न्यावं लागलं तरी बाकीच्यांचा ट्रेक थांबत नाही. "माझ्यामुळे सगळ्यांचा विरस होईल" म्हणून कोणी डोकेदुखी दडवू नये. खाली नेण्याचे वेगळे पैसे घेत नाही. परत फिरवण्याचा निर्णय मात्र वाटाड्याचा असेल आणि त्यावर तळ्यापासून शंभर मीटरवर असतानाही वाद घालायचा नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका आणि चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. थंड बोटावर तो चुकीचं दाखवतो. रात्री झोपेत श्वास मधेच थांबून पुन्हा जोरात सुरू झाल्यासारखा वाटतो, त्याने दचकून जाग येते. हे उंचीवर अनेकांना होतं, तेवढ्यावरून काळजी नको.

उंचीचा आजार टाळण्यासाठी डायमॉक्स या नावाने मिळणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर त्यांना ते आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. झोपेची गोळी आणि दारू ट्रेकभर वर्ज्य.

तयारी, जेवण, कपडे

निघण्यापूर्वी अडीच-तीन महिने तयारी हवी. पुण्याचे असाल तर आठ-दहा किलोची सॅक घेऊन आठवड्यातून एकदा सिंहगड, आणि जमलं तर लागोपाठ दोनदा. मुंबईकरांनी इमारतीचे जिने धरावेत. चढण्यापेक्षा उतरण्याने गुडघे जातात, त्यामुळे उतरायचाही सराव करा.

केदारखरकला पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही आणि चहाही घरच्यासारखा लागत नाही. भूकही मंदावते. अशा वेळी मऊ भात, तूप आणि मेतकूट बहुतेकांना जातं. मेतकूट आम्ही इथूनच नेतो. तुम्ही खजूर, गूळ-शेंगदाणे, सुंठीच्या वड्या असं काही आणा.

कपडे सुती नकोत, घामाने भिजले की वाळत नाहीत. पातळ थरांवर थर घाला आणि वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. घोटा झाकणारे बूट नवे घेतले असतील तर इथेच महिनाभर वापरून मऊ करा. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं. बाकी सामानाची यादी नोंदणीच्या वेळी वेगळी देतो.

कधी जायचं

मे-जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यात वर बर्फ असतं आणि तळं बरंचसं गोठलेलं सापडू शकतं. निळं पाणी पाहायचं असेल तर पावसाळ्यानंतर या. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही हा ट्रेक ठेवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगाड या ओढ्याच्या लोंढ्याने हर्सिलजवळचं धराली गाव गाडलं, ते याच गंगोत्री रस्त्यावर. त्या दिवसांत रस्ता कुठे आणि कधी बंद होईल सांगता येत नाही. इतर महिन्यांतही दरड कोसळते, म्हणून परतीचं विमान किंवा रेल्वेचं तिकीट एक दिवस हातचा राखून काढा.

वाटेवरची शिस्त

या वाटेवर खेचरं चालत नाहीत, सगळं सामान पोर्टर पाठीवरून आणतात. त्यातले बरेच जण नेपाळचे असतात. त्यांना आपल्याइतकेच गरम कपडे, बूट आणि झोपायला तंबू मिळेल ही आमची जबाबदारी आहे आणि ती ट्रेकच्या शुल्कात धरलेली आहे. पोर्टरकडे द्यायची बॅग नऊ किलोच्या आत ठेवा, गंगोत्रीत वजन करून घेतलं जाईल.

भूर्जाच्या साली ओरबाडू नका, फांद्या जाळू नका. ही झाडं फार सावकाश वाढतात. शौचाला नदी-ओढ्यापासून लांब जायचं, कागद आणि पाकिटं परत आणायची. तळ्यात अंघोळ नको आणि निर्माल्यही सोडू नका, तेच पाणी खाली गंगोत्रीला जातं.

नोंदणीसाठी आधार कार्डाची प्रत आणि डॉक्टरांनी सही केलेला तब्येतीचा फॉर्म निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी पाठवा. उद्यानाचा परवाना त्यावरूनच काढला जातो. हृदयविकार, दमा, न आटोक्यात आलेला रक्तदाब, फिट येणं, गर्भारपण यातलं काहीही असेल तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, त्याबद्दल आम्ही तुमच्याशी आधी फोनवर बोलू. गंगोत्री सोडल्यावर मोबाईलला रेंज मिळत नाही, तेव्हा घरच्यांपैकी एकाचा नंबर फॉर्मवर असू द्या. परत गंगोत्रीत उतरलात की त्या नंबरावर आमच्याकडून फोन जाईल.