मेलेलं जनावर भरून (टॅक्सिडर्मी करून) ठेवायचंय? आमच्याकडे आणण्याआधी एवढं करा

आधी एक गोष्ट. वन्यप्राण्यांचं काम आम्ही घेत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो. नान्नजच्या माळावर काळवीट किंवा शेतात मोर मरून पडलेला दिसला तर हात न लावता वन विभागाला 1926 वर कळवा. आम्ही भरतो ते तुमचा एडका, बोकड, असील कोंबडा, घरचा कुत्रा, उजनीत गळाला लागलेला कटला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लोकरीखाली जनावराची ऊब तशीच कोंडून राहते. जंतू केसांच्या मुळाशी पोचले की केस झुबक्याने हातात येतात. पुढे कितीही चांगलं काम केलं तरी ते परत बसत नाहीत. म्हणून जनावर ताबडतोब सावलीत घ्या. गरम असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. बर्फ थेट अंगावर न टाकता गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पोटाशी, काखेत आणि जांघेत लावा.

एडक्याचं फक्त डोकं हवं असेल तर कानामागूनच कापून आणू नका. बहुतेक कामं इथंच बिघडतात, कारण छातीला पुरेल एवढं कातडंच उरत नाही. खांद्याच्या मागे गोल कापा, मानेवर मणक्याच्या रेषेत चीर द्या आणि कातडं डोक्यापर्यंत सोलत न्या. गळ्याकडून चीर नको, ती समोरून दिसते. कान, डोळे, ओठ आमच्यावर सोडा. त्याच दिवशी येणं जमत नसेल तर सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवणार असाल तर मीठ लावू नका, मिठाचं कातडं नीट गोठत नाही.

एडका अचानक मेला आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी रोगाची शंका धरा. तो उघडू नका, सोलू नका, पशुवैद्यकांना बोलवा. असं जनावर आम्ही घेणार नाही, कारण हा रोग माणसालाही होतो.

कोंबड्याच्या चोचीत कापूस घाला, रक्त गार पाण्याने टिपा, मान पंखाखाली दुमडा. शेपटीला दोन्हीकडून पुठ्ठा लावा, मोडलेलं पीस सरळ होत नाही.

माशाचं पोट फाडू नका. ओला असतानाच दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्याचा रंग लगेच उतरतो. मग ओल्या फडक्यात, पर अंगाशी दाबून गोठवा.

जिवंतपणीचे फोटो असतील तर तेही आणा. एडका मान कशी धरायचा, कान किती पाडायचा, हे आम्हाला त्यातूनच कळतं.