पत्र्याच्या खोलीपर्यंत वाय-फाय

सोलापुरात बाळीवेशीजवळ माझ्या मावशीचं जुनं घर आहे. पुढे हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद आणि मागे नंतर बांधलेली पत्र्याची खोली. तिची नात तिथे अभ्यासाला बसते. राउटर मात्र पुढच्या दाराशी. म्हणून घरच्यांनी मेश वाय-फाय आणलं, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या युनिटांचा संच, आणि त्याचं दुसरं युनिट मागच्या खोलीत ठेवलं. या युनिटला सॅटेलाइट म्हणतात, पण आकाशातल्या उपग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. मोबाइलवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसू लागल्या, तरी व्हिडिओ अडकायचा तो अडकायचाच.

कांड्या सांगतात ते मोबाइल आणि सॅटेलाइटमधल्या सिग्नलबद्दल. पुढचा प्रवास त्यात दिसत नाही. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा नियम. सॅटेलाइट जे ऐकतो तेच त्याला राउटरला पुन्हा सांगावं लागतं. म्हणजे एकच निरोप त्याच हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्मा होतो. काही महागड्या संचांत या कामाला वेगळा बँड (लहरींचा वेगळा पट्टा) असतो, पण भिंत त्यालाही चुकत नाही. वाय-फायच्या नेहमीच्या दोन बँडांपैकी ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ६ सेंटिमीटर लांबीची, २.४ची साडेबारा. जाड भिंतीत ५ची लहर जास्त खचते, आणि पत्रा तर दोन्हींना परतवून लावतो.

उपाय म्हणजे राउटरपासून सॅटेलाइटपर्यंत नेटवर्कची (लॅन) केबल. मोबाइलला वाय-फायच मिळतं, फक्त मागचा प्रवास तारेतून होतो.

ही केबल सोलून बघाच. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. सुतात पीळ ताकदीसाठी देतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. इथे तो गोंगाट मारण्यासाठी असतो. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे दोघींवरचा सारखा गोंगाट आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा ठेवतात, म्हणजे शेजारच्या जोडीचं बोलणंही आत शिरत नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी या युक्तीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं होतं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

मावशीकडे केबल टाकली, तरी वेग ९४ एमबीपीएसवर (सेकंदाला ९४ मेगाबिट) अडला. प्लॅन होता ३००चा. हा आकडा दिसला की आधी क्लिप, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, तपासावी. १ गिगाबिटला (१००० मेगाबिट) आठही तारा लागतात, १०० मेगाबिटचं चारांवर भागतं, आणि एखादी तार तुटली तर बरीच उपकरणं न सांगता खालच्या वेगावर उतरतात. आमच्या क्लिपमध्ये तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. नवी क्लिप दाबली आणि काम झालं.

केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. विजेच्या वायरिंगच्या पाइपात ती घालू नका. गच्चीवरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापराचीच हवी. आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात साधं आवरण तडकतं. एका टप्प्याला १०० मीटरची मर्यादा आहे, घराला ती भरपूर झाली. केबलचं टोक मुख्य मेश राउटरच्या लॅन पोर्टमध्येच लावायचं.

बऱ्याच सॅटेलाइटला आणखी एक पोर्ट असतो. मावशीचा टीव्ही मागच्याच भिंतीला आहे, तो आम्ही त्यावर जोडला. आता तिची मालिका तारेतून येते आणि खोलीतली हवा नातीच्या वर्गासाठी मोकळी राहते.