लेव्होडोपा लवकर की उशिरा? एका जुन्या भीतीची पार्श्वभूमी

पार्किन्सन्सचं निदान झालं की एक सल्ला हमखास कानावर येतो: लेव्होडोपा (या आजारावरचं मुख्य औषध) जितकी लांबवता येईल तितकी लांबवा, नाहीतर चार-पाच वर्षांत तिचा असर संपतो. या एका समजुतीपायी कित्येक माणसं हातात उपाय असूनही शर्टाच्या बटणांशी झगडत राहिली.

ही भीती आली कुठून? या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी असतं हे १९६० मध्ये दिसलं आणि मेंदूत त्याच डोपामीनमध्ये बदलणाऱ्या लेव्होडोपाचे तोंडावाटे दिलेले मोठे डोस १९६७ च्या सुमारास यशस्वी ठरले. ते घेणाऱ्या बहुतेकांचा आजार जुना होता, डोस दिवसाला काही ग्रॅमचे. हातापायांच्या अनावर हालचाली लवकरच सुरू झाल्या आणि ठपका औषधावर आला. पुढे कार्बिडोपाची (लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ न देणाऱ्या औषधाची) जोड मिळून डोस जवळपास चौथ्या हिश्श्यावर आला, तरी ठपका राहिलाच. प्रयोगशाळेतल्या पेशींवर लेव्होडोपा विषारी ठरल्याच्या निष्कर्षांनी त्याला बळ दिलं. मग तरुण रुग्णांना आधी डोपामीनची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या देण्याची पद्धत पडली. त्यातून काहींना जुगाराची अनावर ओढ, अचानक झोप असे त्रास झाले, त्यांची चर्चा मात्र फार उशिरा झाली.

२०१४ मध्ये घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानात औषध मिळायलाच उशीर होई, तरी अनावर हालचाली दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाल्या. म्हणजे महत्त्व आजाराच्या वयाला आणि डोसला, गोळी किती वर्षं घेतली याला नाही. २०१९ मधल्या डच चाचणीत ४० आठवडे आधी सुरुवात केल्याने आजाराची चाल मंदावली नाही, पण नुकसानही दिसलं नाही.

डोस किती, केव्हा, किती वेळा, हे मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्टने (हालचालींच्या आजारांच्या मेंदूतज्ज्ञाने) ठरवावं. मुळात निदानही त्यांनी तपासलेलं बरं. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरणं (पार्किन्सन्समध्ये बहुधा हेच दिसतं) वेगळं आणि कप उचलताना थरथरणं वेगळं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया १९८७ नंतर रुळली. तिचा निर्णयही बराचसा याच गोळीवर ठरतो: सकाळी औषधाविना तपासणी, मग लेव्होडोपा, मग पुन्हा तीच तपासणी. कंप सोडला तर, गोळीने जे सुधारत नाही ते शस्त्रक्रियेनेही सहसा सुधारत नाही.