रिकामी खोली काय बोलते?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या इमारतीतली एक छोटीशी खोली. आत कुणीच नाही. भिंतीवर ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेचं पोस्टर, आजूबाजूला व्हिडिओ गेमची खोकी आणि कोल्ड्रिंकचे डबे. मानसशास्त्रज्ञ सपना चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे विद्यार्थ्यांना बसवून प्रश्नावली भरायला दिली. काहींना बसवण्याआधी सामान बदललं होतं: निसर्गचित्राचं पोस्टर, पाण्याच्या बाटल्या. वस्तूंकडे लक्ष देऊ नका, असंही बजावलं होतं. तरी ‘स्टार ट्रेक’ आणि डब्यांच्या खोलीत बसलेल्या मुलींनी संगणकशास्त्रात कमी रस दाखवला. मुलग्यांच्या बाबतीत अशी घसरण दिसली नाही. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे ‘हे तुझं घर नव्हे’ असं सांगायला माणूस लागतच नाही.

हा प्रयोग मुलींवरचा, वर्णावरचा नव्हे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलीच्या वाट्याला मात्र दोन्ही परकेपणं एकदमच येतात. किंबर्ली ब्रायंट स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांची लेक उन्हाळी संगणक शिबिराला गेली, तर तिथे मुली मोजक्याच आणि कृष्णवर्णीय मुलगी ती एकटी. आपल्यावर गेलं तेच लेकीवर जाणार हे ओळखून ब्रायंट यांनी २०११ साली ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ ही कृष्णवर्णीय मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवणारी संस्था काढली.

एकटेपणाने नेमकं होतं काय? पहिल्याच परीक्षेत गुण कमी पडले, की बाकीचे ‘पेपर कठीण होता’ म्हणून मोकळे होतात. वर्गात एकटी असलेली मुलगी त्याच गुणांचा अर्थ लावते, ‘मी इथली नाहीच’. मग ती शंका विचारत नाही, प्राध्यापकांकडे जात नाही, आणि पुढचे गुण आणखी घसरतात.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या या अर्थावरच बोट ठेवलं. नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, हळूहळू ते ओसरतं. मग त्यावर स्वतःचं लिहायला आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर बोलायला सांगितलं. सगळा मामला तासाभराचा. तीन वर्षांनी पाहिलं, तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांमधली दरी निम्म्यावर आली होती. आपल्या यशात त्या तासाचा हात होता, असं मात्र फारसं कुणाला वाटत नव्हतं.

इतकं स्वस्त औषध म्हटल्यावर शंका यायलाच हवी. २०२३ साली २२ शिक्षणसंस्थांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. उपाय लागू पडला, पण जिथे त्या-त्या गटातल्या मुलांना सामावून घेणारं वातावरण मुळात होतं तिथेच. खडकावर बी टाकून पीक येत नाही. मला हा निष्कर्ष पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो मुलीला ‘धीट हो’ म्हणण्याऐवजी संस्थेला जाब विचारतो.

जमीन कशी तयार होते, याचं एक जुनं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातलं. गणिताचे प्राध्यापक क्लेटर यांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला सांगितलं, तू चांगली संशोधक होशील. आणि नुसतं सांगून न थांबता तिच्या एकटीसाठी अवकाशाच्या वैश्लेषिक भूमितीचा (म्हणजे त्रिमितीतले आकार समीकरणांनी मांडण्याचा) वर्ग सुरू केला. ती कॅथरीन जॉन्सन. पुढे नासाच्या यानांचे मार्ग तिने गणिताने काढले.

आता राहिलं ते पोस्टर. ज्या मालिकेच्या पोस्टरने स्टॅनफर्डच्या मुली बिचकल्या, तीच शिकागोतली मे जेमिसन लहानपणी टीव्हीवर पाहायची, कारण तिच्यात उहुरा होती: यानावरची कृष्णवर्णीय अधिकारी. सप्टेंबर १९९२ मध्ये जेमिसन ‘एंडेव्हर’ यानातून अंतराळात गेली, अशी झेप घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिथे कामाची प्रत्येक पाळी ती उहुराच्याच वाक्याने सुरू करायची: ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’, म्हणजे संपर्काची वाट खुली आहे.