अनुशेष (प्रादेशिक)

एखाद्या सोयीच्या बाबतीत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे असेल, तेवढी तूट म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. कोशात या शब्दाचा अर्थ ‘उरलेला भाग’ एवढाच सापडतो. महाराष्ट्रात मात्र १९८० च्या दशकापासून त्याला येणे बाकी असल्याचा सूर चिकटला आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात ‘अनुशेष’ म्हटले की ऐकणाऱ्याला कोरडे कालवे आणि अर्धवट रस्ते आठवतात, पुढे समजावून सांगावे लागत नाही.

या येणे-बाकीची पहिली नोंद नागपूर करारात आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी तो झाला, तेव्हा मराठी मुलूख तीन राज्यांत विभागलेला होता: विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबादेत आणि बाकीचा मुंबई राज्यात. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आदी नेत्यांनी एकत्र येण्याच्या अटी कागदावर आणल्या. विकासाचा पैसा, तांत्रिक शिक्षणातील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या यांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी तेथे भरावे, असे ठरले. दोनच वर्षांनी राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली. ती मानली गेली नाही, त्यामुळे कराराचे वजन वाढले.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये या आश्वासनांना जागा मिळाली. मात्र शब्द बदलले. करारात ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ होते, घटनेत ‘समन्यायी’ आले, तेही संपूर्ण राज्याच्या गरजा सांभाळून. पहिले मोजता येते. दुसऱ्यावर वाद घालता येतो, आणि तो आजवर चालू आहे. शिवाय विकास मंडळे नेमण्याची व निधीवाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू ‘शकतात’, अशी रचना असल्याने ही तरतूद ३८ वर्षे नुसतीच छापील राहिली.

मोजण्याचे काम १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. रीत साधी होती. समजा राज्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सरासरी ४० किलोमीटर रस्ता आहे आणि १०,००० चौरस किलोमीटरच्या एका जिल्ह्यात २८ किलोमीटर. तूट १२, म्हणजे जिल्ह्यासाठी १,२०० किलोमीटर. त्याला एका किलोमीटरच्या खर्चाने गुणले की रुपये हाती येतात. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचे जास्तीचे मात्र वजा होत नाही. सिंचन, आरोग्य, शिक्षण, पंपांना वीज अशा क्षेत्रांत जिल्ह्याजिल्ह्याची तूट काढून बेरीज झाली ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के. उरलेले ३७.३२ टक्के ‘उर्वरित महाराष्ट्रा’चे निघाले, हे वाचून आजही पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण उर्वरितमध्ये पुण्याबरोबर कोकणही येते. कोकणासाठी वेगळ्या विकास मंडळाची जुनी मागणी याच खोचेतून आली आहे.

सरासरी स्वतःच सरकत असते, ही या गणिताची खरी अडचण. मागासलेला जिल्हा चार पावले चालतो तोवर पुढारलेला सहा चाललेला असतो, आणि भाव वाढले की भरून न काढलेली तूट रुपयांत आणखी फुगते. १ एप्रिल १९९४ या तारखेचा अनुशेष ‘निर्देशांक व अनुशेष समिती’ने काढला, तो सुमारे १४,००७ कोटी निघाला. म्हणून पुढे तारीख गोठवून ‘१९९४ चा अनुशेष’ वेगळा मोजू लागले. नंतर पडलेली तफावत त्या खात्यात येत नाही. रुपये खर्ची पडले म्हणजे पाणी शेतात पोचले असे होत नाही, हे अमरावती विभागात लोकांनी पुरेपूर पाहिले: तिथल्या अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष आर्थिक हिशेबानंतरही उरला.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची तीन विकास मंडळे १९९४ मध्ये आली. बोलीत त्यांना ‘वैधानिक विकास मंडळ’ म्हणतात. त्यांना स्वायत्तता समजणे चूक ठरेल. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतील ईशान्येच्या स्वायत्त जिल्हा परिषदा बहुतांशी निवडून येतात आणि जमीन-जंगलाविषयी कायदे करतात. इथे सदस्य राज्यपालांनी नेमलेले, कर लावण्याचा अधिकार नाही, काम मुख्यतः अभ्यास करून शिफारशी करण्याचे. निधीवाटपाचे निर्देश २००१ पासून राज्यपालच देऊ लागले. त्यामुळे निवडून आलेल्या विधानसभेने न केलेली वाटणी नियुक्त राज्यपालाने करायची, असा काहीसा उलटा प्रकार झाला. कर्नाटकासाठी नंतर आलेल्या अनुच्छेद ३७१(ञ) मध्ये स्थानिक व्यक्तीला प्रवेश व नोकरीत आरक्षणाची वाट ठेवली आहे. महाराष्ट्राच्या कलमात हक्क प्रदेशाला आहे, तिथल्या माणसाच्या हातात थेट काही पडत नाही.

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरून मांडणी केली. जिल्ह्याच्या सरासरीत बुडालेले तालुके त्यामुळे दिसले, पण विदर्भ-मराठवाड्याचा एकत्रित दावा सैल होतो, असा आक्षेपही लगेच आला.

वेळोवेळी मुदतवाढ मिळालेल्या तिन्ही मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. घटनेनुसार त्यासाठी आदेश मात्र राष्ट्रपतींचाच लागतो.