पहाटे तीनची जाग आणि सजग स्वप्न

रब्बीत शेतपंपाची लाईन रात्रपाळीची असली की विदर्भातला शेतकरी बॅटरी घेऊन मध्यरात्री वावरात जातो, हरभऱ्याला पाणी देतो आणि पहाटे येऊन पुन्हा आडवा होतो. पीक हाताशी आलं की रोही आणि रानडुकरांसाठी जागल असतेच. अशी निम्मी हयात काढलेला माणूस साठीनंतर वावर पोराच्या हवाली करतो, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे ते उघडतातच. मग बाजेवर कूस बदलत उजाडायची वाट पाहायची. ‘झोपच राह्यली नाही आता’ हे कोणत्याही पारावर ऐकू येतं.

या मोडक्या झोपेचा एक उपयोग आहे. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं, याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. ते शिकवणारे संशोधक धडधाकट तरुणांना मुद्दाम पाच तासांनी गजर लावून उठवतात आणि थोड्या वेळाने परत झोपायला सांगतात. म्हाताऱ्या माणसाला तो गजर फुकटात मिळालेला आहे.

पाच तासांनीच का, तर झोपेची साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं असतात. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोप जास्त असते. रेम झोप, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात ती अवस्था, पहाटेकडे लांबत जाते, आणि सगळ्यात ठसठशीत स्वप्नं याच झोपेत पडतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिची नोंद केली. वय वाढतं तशी गाढ झोप बरीच घटते, रेम त्या मानाने थोडीच. शिवाय म्हातारपणी शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. आठ-नऊला झोपलेल्या माणसाची स्वप्नांची वेळ मग तीन-चारलाच येते.

आता हे सगळं थोतांड नाही कशावरून? झोपलेला माणूस काहीही सांगेल, ते तपासायचं कसं? बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही हाच संशय होता. सजग स्वप्न म्हणजे मधेच झोप चाळवलेली असणार, असं ते म्हणत. त्यावर इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. रेम झोपेत मेंदू शरीराचे स्नायू जवळपास लुळे करून ठेवतो, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस बाजेवरून उठून पळत नाही. पण डोळ्यांचे स्नायू त्यातून सुटतात. हर्न यांनी अॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाशी आधीच ठरवून ठेवलं, की स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. एप्रिल १९७५ मध्ये ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली, आणि त्या क्षणी मेंदूच्या लहरी झोपेच्याच होत्या. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. स्वप्नात खुणा करत दहापर्यंत मोजलं तर जागेपणी लागतो साधारण तेवढाच वेळ लागतो, हेही त्यांनी तपासलं. एका क्षणात अख्खं आयुष्य पाहिल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांना याने जरा धक्का बसतो.

२०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी याहून पुढचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी झोपलेल्या लोकांना प्रश्न विचारले, ‘आठातून सहा गेले किती’ अशा धर्तीचे. काहींनी स्वप्नातून डोळ्यांनी उत्तर दिलं. एकूण ३६ माणसं, १५८ प्रयत्न, आणि बरोबर उत्तरं सुमारे १८ टक्के. बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. तरीही मला हा आकडा थोर वाटतो.

ही सिद्धी वगैरे नाही. जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेतला गेला, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पाहिल्याचं दिसलं. मात्र तरुणांत ते आपसूक जास्त पडतं, आणि उतारवयात खरी अडचण असते ती आठवणीची. ‘मले सपनंच पडत नाई’ म्हणणाऱ्याला स्वप्नं पडतातच, फक्त जाग आल्यावर दोन मिनिटांत ती विरून जातात. म्हणून सुरुवात इथून करावी. डोळे उघडले की हलायचं नाही, तंबाखूची डबी शोधायची नाही. आहे त्याच कुशीवर पडून शेवटचं काय दिसलं ते आठवायचं. मग वहीत लिहावं, आणि चष्मा-पेनाची कटकट नको असेल तर मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. काही आठवड्यांत आठवणं वाढतं, आणि आपल्या स्वप्नात वारंवार काय येतं तेही कळतं. कुणाला विकून टाकलेली बैलजोडी गोठ्यात दिसते, कुणाला दहा वर्षांपूर्वी गेलेली आई चुलीशी बसलेली. पितृपक्षात आई आली तर तिचं काय मागणं आहे हे घरचे ठरवतील, विज्ञानाला त्यात बोलायचं कारण नाही. सरावासाठी मात्र ही खूण मोलाची आहे, कारण जागेपणी जे होऊच शकत नाही तेच स्वप्न ओळखायला मदत करतं.

लाबर्ज यांची पद्धत हीच खूण वापरते. पहाटे जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न पुन्हा मनात चालवायचं, गोठ्यातल्या बैलांपाशी थांबायचं आणि ‘अरे, हे तर स्वप्न’ असं आपल्याला तिथे कळलं अशी कल्पना करायची. मग ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न आहे याची आठवण होईल’ असं मनाशी घोकत झोपी जायचं. आठवडी बाजारात पोचल्यावर फवारणीचं औषध घ्यायचं हे आपण घरूनच मनाशी बांधून निघतो, तीच क्षमता इथे कामाला लावलेली आहे. ऑस्ट्रेलियात डेनहोम अॅस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच तासांनंतरची जाग, हा संकल्प आणि दिवसा अधूनमधून जागेपणाची खातरजमा असं तिन्ही करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के रात्री सजग स्वप्न पडलं. जे संकल्पानंतर पाच मिनिटांत झोपले त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे पुन्हा झोप लागणं महत्त्वाचं. ज्यांना तीननंतर डोळाच लागत नाही त्यांनी या नादी लागू नये, आणि सलग झोपणाऱ्याने मुद्दाम झोप मोडू नये, असं माझं मत आहे.

खातरजमेच्या परदेशी युक्त्यांत एक म्हणजे दिव्याचं बटण दाबून पाहणं, कारण स्वप्नात दिवा बरेचदा लागत नाही. आपल्याकडे या कसोटीने अर्धा उन्हाळा स्वप्नात गेला म्हणायची वेळ येईल! त्यापेक्षा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघावा. स्वप्नात तरीही श्वास आत येतो. भान आलं की आनंदाने जाग येते, हे नवख्यांचं ठरलेलं. अशा वेळी स्वप्नातलेच हात एकमेकांवर चोळावेत, स्वप्न थोडं टिकतं.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ज्यांच्या स्वप्नात वाघ येतो, त्यांच्यासाठी हा सराव निव्वळ करमणूक नाही. वारंवार पडणारी भीतिदायक स्वप्नं सजग होण्याच्या सरावाने कमी होतात का, याचे छोटे अभ्यास झाले आहेत आणि काहींत फायदा दिसला आहे. आधी जागेपणीच स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवावा, याला जास्त भक्कम पुरावा आहे.

गोळ्यांचंही बघावं लागतं. ब्लडप्रेशरच्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी काहींना फार ठळक स्वप्नं पडतात, तर नैराश्यावरच्या अनेक गोळ्या रेम झोप दाबतात. म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. गॅलँटामाइन हे अल्झायमरवरचं औषध सजग स्वप्नांसाठी काही लोक घेतात. ते स्वतःच्या मनाने घेऊच नये, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. भास होण्याचा मानसिक आजार असेल तर हा सरावही नको.

आणि सुरू करण्यापूर्वी घरातल्या माणसांना एक प्रश्न विचारा: मी झोपेत ओरडतो का, हातपाय झाडतो का? पन्नाशीपुढच्या पुरुषांत कधीकधी रेम झोपेतलं ते स्नायूंचं कुलूप निकामी होतं आणि माणूस स्वप्नातलं भांडण खरोखर बाजेवर लढतो. शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा आजार वर्णिला. यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्या जातीचा विकार होतो, म्हणून उत्तर ‘हो’ आलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. तोवर अंथरूण बाजेवरून खाली घ्यावं, आणि उशाची काठी, विळा, कंदील जरा लांब ठेवावा.