एकाच जागेचा प्रश्न : परदेशी खेळणाऱ्या गोलरक्षकांची पार्श्वभूमी

फुटबॉलमधील व्यावसायिक गोलरक्षकाला परदेशात खेळता येईल की नाही, हे त्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना काही काळ त्याहून अधिक, नियमांनी ठरवले आहे. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. ती परदेशी खेळाडूकडे गेली की देशी गोलरक्षकाचा हंगामच्या हंगाम राखीव बाकावर जातो, कारण आघाडीच्या खेळाडूप्रमाणे त्याला शेवटच्या वीस मिनिटांसाठी मैदानात उतरवण्याची रीत नाही. त्यामुळे परदेशी खेळाडूंवर आलेल्या जवळजवळ प्रत्येक निर्बंधाचा भार गोलरक्षकांनी इतरांपेक्षा जास्त सोसला.

हा संघर्ष जुना आहे. १९३० मध्ये लंडनच्या एका क्लबने ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक घेण्याचे ठरवले, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने विरोध केला आणि सरकारने त्याला देशात प्रवेशच नाकारला. पुढच्याच वर्षी परदेशी व्यावसायिकांसाठी दोन वर्षांच्या वास्तव्याची अट आली आणि ती १९७८ पर्यंत टिकली. नाकारलेला गोलरक्षक १९३३ मध्ये पॅरिसला गेला आणि पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळला. युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये येऊन तिथेच राहिलेला जर्मन गोलरक्षक १९४९ मध्ये मँचेस्टरच्या क्लबमध्ये आला तेव्हा हजारो लोकांनी निदर्शने केली. १९५६ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात मानेचे हाड मोडलेले असताना तो शेवटपर्यंत गोलसमोर उभा राहिला. १९८२ च्या विश्वचषकात कॅमेरूनने तिन्ही सामने बरोबरीत सोडवून एकच गोल स्वीकारला आणि त्यांचा गोलरक्षक त्याच वर्षी स्पेनमध्ये खेळू लागला. १९८८ मध्ये सोव्हिएत राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक सेव्हियाला गेला.

खरा गुंता नव्वदच्या दशकात झाला आणि तो मुख्यतः ‘परदेशी’ या एका शब्दाचा होता. १९९१ पासून युरोपीय चषक स्पर्धांत प्रत्येक संघाला तीन परदेशी आणि दोन ‘आत्मसात’ खेळाडू उतरवता येत. ‘आत्मसात’ म्हणजे त्या देशात सलग पाच वर्षे खेळलेला आणि त्यांपैकी तीन वर्षे कुमार गटात घालवलेला खेळाडू. या नियमानुसार इंग्लिश क्लबमधले स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश खेळाडूही परदेशी ठरत; त्यांची संपूर्ण कारकीर्द इंग्लंडमध्ये गेलेली असली, तरी ते फार तर ‘आत्मसात’ गणले जात. २ नोव्हेंबर १९९४ रोजी मँचेस्टरचाच दुसरा एक संघ बार्सिलोनात खेळायला उतरला, तेव्हा १९९१ पासून त्या क्लबचा आधारस्तंभ असलेल्या डॅनिश गोलरक्षकाला या मर्यादेपायी बाहेर बसवावे लागले आणि संघ ४-० असा हरला. प्रशिक्षकाने परदेशी खेळाडूंसाठीची जागा मैदानातील अन्य खेळाडूला देणे पसंत केले. गोलरक्षकाच्या कामाला त्या नियमाने किती कमी लेखायला लावले, हे त्या निवडीत स्पष्ट दिसते.

१५ डिसेंबर १९९५ च्या न्यायालयीन निकालाने युरोपीय संघाच्या नागरिकांवरील ही मर्यादा उठली आणि करार संपलेल्या खेळाडूला शुल्काविना दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडे जाण्याची मुभा मिळाली. बाहेरच्यांना त्याचा लाभ नव्हता. इंग्लंडमध्ये कामाचा परवाना मिळण्यासाठी त्यांच्याकडून राष्ट्रीय संघाच्या मागील दोन वर्षांतील सुमारे ७५ टक्के सामन्यांत खेळल्याची अपेक्षा केली जाई. ही अट सर्वांना समान दिसते, परंतु एखाद्या देशाचे तीन मध्यरक्षक ती एकाच वेळी पूर्ण करू शकतात. गोलरक्षक मात्र एकच करू शकतो, आणि दुसऱ्या क्रमांकाचा कितीही चांगला असला तरी त्याच्या नावापुढे सामने नसतात. एका अमेरिकन गोलरक्षकाला या कारणाने अनेकदा परवाना नाकारला गेला. तो डेन्मार्क आणि तुर्कस्तानमध्ये खेळून १९९७ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्थिरावला आणि पुढे तीन क्लबांकडून त्याने सर्वोच्च लीगमध्ये सलग ३१० सामने खेळले. ज्याला पुरेसा पात्र मानले नव्हते, त्याच्याच नावावर हा विक्रम आहे.

सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र दक्षिण कोरियात झाला. दुशान्बे येथे जन्मलेला एक सोव्हिएत गोलरक्षक १९९२ मध्ये तिथे आला आणि त्याच्या क्लबने १९९३, १९९४ आणि १९९५ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. साहजिकच इतर क्लबही परदेशी गोलरक्षक आणू लागले, देशी गोलरक्षकांना जागा उरेना, आणि राष्ट्रीय संघाचे कसे होणार ही चिंता उघडपणे बोलली जाऊ लागली. लीगने प्रथम परदेशी गोलरक्षकाच्या सामन्यांची संख्या घटवली आणि १९९९ पासून पूर्ण बंदी घातली. बंदी केवळ या एका जागेसाठी होती. परदेशी आघाडीपटूंचे स्वागत पूर्वीप्रमाणेच होत राहिले. ज्याच्यामुळे हे सारे घडले, त्याने २००० मध्ये कोरियन नागरिकत्व घेतले आणि ‘देवाचा हात’ असा अर्थ असलेले कोरियन नाव स्वीकारले. त्याच वर्षी तो आन्यांगच्या संघाबरोबर पुन्हा विजेता ठरला आणि चाळिशी ओलांडल्यावरही खेळत राहिला. म्हणजे खेळाडू तोच होता, हात तेच होते, बदलले होते ते पारपत्र.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नव्हते. २००२ च्या विश्वचषकात कोरियाने उपांत्य फेरी गाठली ती देशातच घडलेल्या गोलरक्षकाच्या बळावर, आणि हा दाखला वर्षानुवर्षे पुढे केला गेला. परंतु जपानच्या लीगने २००९ पासून आशियाई खेळाडूसाठी स्वतंत्र जागा ठेवली आणि कोरियन गोलरक्षक तिथे जाऊन अनेक वर्षे पहिल्या पसंतीचे राहिले. त्यांपैकी एकाने कावासाकीच्या संघाबरोबर २०१७ ते २०२१ दरम्यान चार लीग विजेतेपदे मिळवली. आपले गोलरक्षक शेजाऱ्याच्या लीगमध्ये आनंदाने पाठवायचे आणि आपले दार मात्र बंद ठेवायचे, ही विसंगती मला कधीच समर्थनीय वाटली नाही. स्पर्धा नसल्याने देशी गोलरक्षकांचे मानधन अवाजवी वाढले, अशी क्लबांची तक्रार होती. १९९९ मध्ये दहा संघ होते. दोन्ही विभागांत मिळून ते पंचवीसच्या पुढे गेल्यावर जागांच्या टंचाईचा युक्तिवादही क्षीण झाला. अखेर २०२५ मध्ये ही बंदी २०२६ च्या हंगामापासून उठवण्याचा निर्णय झाला.

दरम्यान गोलरक्षकाचे काम बदलले होते. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास १९९२ पासून मनाई झाली आणि पायाने खेळू शकणाऱ्याची मागणी वाढली. २०१८ मध्ये बिल्बाओच्या गोलरक्षकासाठी लंडनच्या एका क्लबने ८ कोटी युरो मोजले. परंतु ही किंमत पहिल्या क्रमांकाच्या गोलरक्षकाची आहे. युरोपीय स्पर्धांत २००६ पासून आणि इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये २०१० पासून चमूत स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंचा वाटा ठरवण्यात आला. राष्ट्रीयत्वाचा उल्लेख न करणारा हा नियम पाळण्यासाठी क्लब बहुधा तिसऱ्या गोलरक्षकाची जागा वापरतात. २०२१ पासून ब्रिटनमध्ये परवान्यासाठी गुणपद्धती आली असून तिच्यात लीग, खंडीय स्पर्धा आणि राष्ट्रीय संघ यांतील खेळलेल्या मिनिटांना महत्त्व आहे. युरोपातल्या एखाद्या मोठ्या क्लबचा दुसरा गोलरक्षक दररोज उत्तम आघाडीपटूंचे फटके अडवत सराव करतो, तरी त्या तक्त्यात त्याच्या खेळलेल्या मिनिटांसमोर बहुतेकदा शून्य पडते.